फोंड्यातला चायनीज एल्म : आधी खोड, वर्षाने मुळं

७ जानेवारी २०२४, रविवार

नोंदी आजपासून लिहायला घेतेय, कारण मागची चार वर्षं काहीच लिहून ठेवलं नाही आणि आता कुठल्या महिन्यात काय केलं ते अजिबात आठवत नाही. बोन्साय करायला घेतलेलं झाड चायनीज एल्म, शास्त्रीय नाव उल्मस पार्विफोलिया. २०१९ ला पुण्याच्या एका नर्सरीतून आणलं तेव्हा खोड पेन्सिलीएवढं होतं, एसच्या आकारात वळवलेलं, सगळीकडे मिळतात तसलं. एक वर्ष कुंडीत काढलं, खोड काही केल्या जाड होईना, मग सरळ मागच्या परसात केळीच्या पलीकडे जमिनीत लावून टाकलं आणि वाढू दिलं.

आज टेप घेऊन मोजलं. जमिनीलगत घेर २१ सेंमी, म्हणजे व्यास साडेसहा सेंमीच्या थोडा वर. उंची १ मीटर ९० सेंमी. जाडी मिळाली पण टेपर, म्हणजे वर निमुळतं होत जाणं, काहीच नाही, खालून वरपर्यंत पाइपासारखं सरळ आणि सारख्या जाडीचं, ते एसचं वळण पण जाड होता होता भरून गेलं, फक्त खाली एक हलका कल उरलाय. म्हणजे ट्रंक चॉप, खोड खालून आडवं कापून वर नवं बारीक खोड वाढवणं, करावाच लागणार. तेवढं धाडस होत नाहीये अजून, चार वर्षं पाणी घातलंय त्याला.

एल्मच का, हे मला घरी पण विचारतात. वड-पिंपळाच्या, म्हणजे फायकसच्या, जातीचं बोन्साय गोव्यात डोळे मिटून होतं, माझ्याकडे पण तीन आहेत. पण एल्मची पानं मुळातच बारीक, दोन-तीन सेंमीची, कडेला करवतीसारखी नक्षी, आणि फांद्यांना जी बारीक काटकी फुटत जाते ती फायकसला तशी येत नाही. शिवाय साल. जुनी होत आली की पापुद्रे सुटतात आणि खाली नारिंगी-तपकिरी डाग दिसतात, माझ्या झाडाला यंदा पहिल्यांदा खाली दोन ठिकाणी तसं सुटलंय.

२१ जानेवारी २०२४, रविवार

कधी कापायचं यावर अडकलेय. पुस्तकांत सगळीकडे एकच, हिवाळा संपता संपता, फांद्यांवरचे कोंबांचे डोळे फुगायच्या जरा आधी. पण ती पुस्तकं बर्फ पडणाऱ्या मुलखातली, आमच्याकडे फोंड्याला रात्री फार तर १८-२० डिग्रीपर्यंत उतरतं आणि दुपारी परत ३२. एल्मला इथे धड झोप लागतच नाही, अर्धी पानं पिवळी पडून गळतात अर्धी तशीच राहतात.

काल तळीकडे गेले होते तेव्हा तिथला वावळ बघितला. पूर्ण बोडका झालाय, आणि उघड्या फांद्यांना बारीक हिरवट-तपकिरी फुलांचे झुबके आलेत. वावळ म्हणजे एल्मचा इथला भाऊबंदच, एकाच कुळातला, उल्मेसी. लहानपणी त्याच्या त्या गोल पापडीसारख्या बिया सोलून खायचो आम्ही, आणि पान चुरडलं की जो घाण वास येतो तो कधी विसरत नाही. मग डोक्यात आलं की बाहेरच्या पुस्तकातल्या तारखा बघण्यापेक्षा हा बघावा, त्याला इथली हवा माझ्यापेक्षा जास्त कळते. घरी येऊन एल्म बघितला तर त्याची पण निम्म्याहून जास्त पानं गेलीत आणि पानांच्या बगलेतले डोळे अजून चपटे, घट्ट, तपकिरी आहेत. म्हणजे वेळ आलीच आहे.

यामागचं कारण समजून घेतलं की तारीख पाठ करावी लागत नाही. पान गळायच्या दिवसांत झाडाने केलेलं अन्न खोडात आणि मुळांत साठून असतं. नवी पालवी फुटली की ते खर्च होतं आणि नवी पानं कामाला लागेपर्यंत झाड रिकामं असतं. पालवीच्या जरा आधी कापलं तर ती सगळी शिदोरी उरलेल्या बुंध्याला मिळते. पालवी फुटल्यावर कापलं तर आपण त्याची खर्च केलेली शिदोरी कापून फेकतो.

४ फेब्रुवारी २०२४, रविवार

कापलं.

सकाळी आधी बुंध्याजवळची माती बोटांनी आणि जुन्या ब्रशने बाजूला केली, कारण मुळं कुठून पसरतात ते बघितल्याशिवाय झाडाची समोरची बाजू ठरत नाही आणि समोरची बाजू ठरल्याशिवाय कुठे कापायचं ते ठरत नाही. दोन इंच माती काढल्यावर खरा बुंधा सापडला, म्हणजे मी झाड खोल लावलं होतं. मुळं तीन बाजूंना छान पसरलीत, बोटाएवढी जाड, पण केळीच्या बाजूला काहीच नाही, सपाट भिंत. ते मनाला लागलं. नेबारी म्हणजे बुंध्यातून चारी बाजूंना मुळं जमिनीला धरून पसरलेली दिसणं, सगळं बोन्साय तिथून सुरू होतं, आणि माझ्या झाडाला तिथेच एक बाजू नाही. ते नंतर बघू, आज मुळाला हात लावायचा नाही हे ठरवलेलं. खोड आणि मुळं एकाच दिवशी कापली तर खालून पुरवठा बंद आणि वरून डोळे पण कमी, चिवट एल्म निभावून नेतो असं सांगणारे भेटतात, पण माझ्याकडे असं एकच झाड आहे.

उंचीचा हिशोब असा धरला. बुंधा साडेसहा सेंमी, तयार झाड त्याच्या सहापट म्हणजे ४० सेंमीच्या आसपास, पहिला काप त्याच्या एक-तृतीयांशावर म्हणजे १३-१४. मी १५ वर कापलं, कारण कापाखाली थोडं सुकून जातंच. चिकटपट्टी गुंडाळून रेष केली आणि बारीक दातांच्या करवतीने आडवं कापलं. तिरकं आत्ता नाही, कारण कोंब कुठल्या बाजूला येणार ते माहीत नाही, आणि तिरक्या कापाच्या वरच्या टोकाला कोंब नाही आला तर ती बाजू सुकून जाते.

एल्मची साल कापताना लक्षात आलं की ती आतून बुळबुळीत आणि दोऱ्यासारखी असते, करवत जरा बोथट असती तर सालीच्या लांब पट्ट्या खालपर्यंत सोलून निघाल्या असत्या. शेवटचा भाग कापताना भाच्याने वरचं खोड धरून ठेवलं, नाहीतर स्वतःच्या वजनाने फाटतं. मग धारदार चाकूने कडा गुळगुळीत केल्या, लाकूड आणि साल यांच्यामधली ती हिरवी ओली रेघ सगळीकडे स्वच्छ दिसेपर्यंत, आणि कापावर लावायची, ऑनलाइन मागवलेली कट पेस्ट जाड थराने लावली.

वरच्या खोडाच्या फांद्या फेकवल्या नाहीत, पेन्सिलीएवढ्या जाडीचे १२ तुकडे करून वाळूत खोचलेत. संध्याकाळी सासूबाई परसात आल्या, त्या बुंध्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "गो, हें जगतलें मगो?" मी हो म्हटलं.

२५ फेब्रुवारी २०२४, रविवार

अडीच आठवडे रोज सकाळी चहाच्या आधी जाऊन बघायचे, काही नाही. आणि बुधवारी एकदम! कापाच्या कडेला, साल आणि लाकडाच्या मधोमध, हिरव्या मोहरीएवढे ठिपके. आज मोजले तर कापाच्या कडेवर ११ आणि खाली खोडावर १२, एकूण २३. खोडावरचे जुन्या सालीतून फुटलेत, जिथे डोळा आहे असं कधी वाटलं पण नव्हतं.

हे असं का होतं ते मला फार आवडतं. शेंड्यातून ऑक्झिन नावाचं संप्रेरक सतत खाली येत असतं आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की तो दाब गेला, आणि मुळांच्या टोकांतून वर येणारं सायटोकायनिन त्या डोळ्यांना जागं करतं. म्हणूनच मुळं शाबूत ठेवली याचं बरं वाटतंय, मुळांची टोकं पण त्याच दिवशी कापली असती तर जागं करणारंच कमी झालं असतं.

१७ मार्च २०२४, रविवार

कोंब बोटभर लांब झाले. कापाच्या कडेला एका ठिकाणी पाच-सहा एकत्र आलेत, ते तसेच ठेवले तर तिथे गाठ सुजते आणि वर जाड खाली बारीक असं उलटं होऊन बसतं, म्हणून ते काढले. समोरून बघताना जरा मागे आणि खोडाच्या कलाच्या दिशेने जाणारा एक दणकट कोंब लीडर, म्हणजे पुढचं खोड, म्हणून ठेवला, पडला-मोडला तर म्हणून शेजारचा एक राखीव, आणि खाली खोडावर चार. बाकी सगळे बोटाने खुडले. कोवळे असतात तेव्हा खूण पण राहत नाही.

तळीजवळच्या वावळाला हिरव्या पापड्या लटकल्यात, मागून पालवी येतेय.

१२ मे २०२४, रविवार

लीडर ७० सेंमी. त्याला कात्री लावायची नाही, तो जेवढा पळेल तेवढा त्याच्या खालचा भाग जाड होणार. रोज दोनदा पाणी, नळाला आठवड्यातून दोन दिवस पाणीच नसतं तेव्हा विहिरीचं ओढून. पानांवर बारीक पांढरट ठिपके आले, मागून बघितलं तर लाल कोळी ही कीड. पाण्याचा फवारा पानांच्या मागून जोरात आणि कडुनिंबाचं तेल, एवढंच केलं. डायमेथोएट हे कीटकनाशक मारू नका, एल्म पानं टाकून देतो, हे बोन्साय करणाऱ्या सगळ्यांकडून ऐकलंय.

वाळूतल्या १२ तुकड्यांपैकी ५ फुटले.

२३ जून २०२४, रविवार

वाईट बातमी. पाऊस लागून दोन आठवडे झाले आणि आज बघते तर कापाच्या केळीकडच्या बाजूला साल काळी पडलीय, दाबली की आत जाते. कट पेस्टचा थर नखाने उचलला तर खाली पाणी आणि आंबूस वास. पेस्ट उन्हाळ्यात तडकली असणार, त्या भेगेतून पावसाचं पाणी आत गेलं आणि वर झाकण असल्यामुळे सुकलंच नाही. दोष पेस्टचा नाही, मी जूनच्या आधी एकदा बघायला हवं होतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो बहुतेक सगळा चार महिन्यांत, हे माहीत असून मी मेमध्ये कापाकडे बघितलं नाही.

चाकूने काळं सगळं कोरून काढलं, हिरवी रेघ दिसेपर्यंत, तर ती एका बाजूने ३ सेंमी खाली गेली. लीडर दुसऱ्या बाजूला आहे तो सुखरूप.

मग काय लावायचं, तर बाबा, म्हणजे सासरे, म्हणाले बोर्डो लाव. त्यांचं सगळं आयुष्य कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, गेलंय, सुपारीवर कोळेरोग येऊ नये म्हणून पावसाच्या आधी एक टक्का बोर्डो मारतात, चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी परत. त्यांनीच करून दिलं. फवाऱ्याचं पातळ असतं, कापाला लावायचं ते घट्ट, १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. मोरचूद वेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत अर्ध्या पाण्यात, चुना वेगळ्या बादलीत अर्ध्या पाण्यात, मग दोन्ही एकत्र ओतत ढवळायचं. लोखंडाचा चाकू मिनिटभर बुडवून बघितला, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे म्हणून अजून घालायचा. आमच्या चाकूवर चढला नाही. आकाशी रंगाचं सुंदर मिश्रण होतं ते.

ओल्या लाकडाला लावून उपयोग नाही म्हणून दोन दिवस वर ताडपत्री बांधून सुकू देणार आणि मंगळवारी लावणार. आणि नंतर कापावर छत्री म्हणून अर्धी करवंटी तिरकी बांधायची, बाबांचीच कल्पना, खालून वारा खेळता राहील अशी.

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

मध्ये लिहिलं नाही, जुलैभर पाऊस आणि मग चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, गडबड. करवंटीखालचा काप कोरडा ठणठणीत आहे. काळं पुढे सरकलेलं नाही आणि कोरलेल्या कडेला पांढरट-हिरवी कॅलसची, म्हणजे जखम भरून काढणाऱ्या नव्या सालीची, वळकटी दिसतेय, दोन-अडीच मिलिमीटर. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधायला जंगलातली फळं आणायला गेलेला दीर परत येताना एल्म बघून गेला, म्हणाला केवढा झाला. लीडर १ मीटर ४० सेंमी आणि मुळाशी अंगठ्यापेक्षा जरा बारीक.

झाडाला गेल्या आठवड्यात फुलं आली, अगदी बारीक, बघितली नाहीत तर कळतच नाहीत. चायनीज एल्म पाऊस सरताना फुलतो, बहुतेक एल्म वसंतात फुलतात आणि वावळ थंडीत. घरातल्या कोणाला दाखवली तरी "ही फुलं?" असं झालं, पण मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही.

१९ जानेवारी २०२५, रविवार

वावळ परत बोडका. एल्मची पण पानं गळतायत. यंदा मुळं.

तयारी लिहून ठेवते, कारण झाड बाहेर काढल्यावर शोधाशोध केली तर मुळं तेवढ्यात सुकतात. लाकडी खोका ४० बाय ४० आणि १२ सेंमी खोल, जुन्या आंब्याच्या पेटीच्या फळ्या ठोकून केला, तळाला फटी ठेवल्यात आणि त्यावर जाळी. प्लायवूडचा चौकोनी तुकडा. ३ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार. करवत, सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री, चाकू, नारळाच्या दोरीचा ब्रश, भिजवलेली गोणपाटं.

माती म्हणजे खरं तर माती नाहीच. शेजारी घराचं काम चाललंय, तिथे जांभ्या दगडाचे चिरे मशीनने कापतात त्याचा चुरा ढीगभर पडलेला, तिथल्या दादांना विचारून चार गोणी आणला. आधी ६ मिलिमीटरच्या चाळणीतून आणि मग ३ च्या, वर राहिला तो घ्यायचा आणि खालची पूड टाकून द्यायची. ही पूड राहिली तर पहिल्याच पावसात थापली जाते आणि सिमेंटसारखी बसते. चिऱ्याचे दाणे ५ भाग, विटेचे तुकडे २, करवंटीचा कोळसा २, जुनं चाळलेलं शेणखत १.

एवढं जाडंभरडं कशाला, असं बाबांनी विचारलं, त्यांना काळी मऊ माती आवडते. त्यांना भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरून दाखवला, गळून गळून थांबला. मग तोच उभा केला तर परत पाणी गळायला लागलं. कुंडीच्या तळाला पाण्याचा एक थर अडकून राहतो आणि त्याची उंची कुंडी खोल असो की उथळ तेवढीच असते, ती ठरते दाण्याच्या जाडीवर. खोल कुंडीत तो थर खाली कुठेतरी राहतो, उथळ ट्रेमध्ये तो मुळांच्या गळ्याशी येतो. म्हणून भांडं जेवढं उथळ तेवढा दाणा जाड. बाबांना पटलं, त्यांनी स्वतः दोन गोणी चाळून दिल्या.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

सकाळी सात ते दुपारी एक. हात दुखतायत पण आजच लिहायचं.

बुंध्यापासून वीतभर लांब गोल चर खणला, कोयत्याने आडवी मुळं तोडत. वीस सेंमी खाली गेल्यावर पहारीने एका बाजूने उचकटून बघितलं, हललं पण निघेना. खाली एक मुसळी, म्हणजे सोटमूळ, सरळ जांभ्यात घुसलेली. लावताना खाली फरशी ठेवायला हवी होती, म्हणजे मुळं आडवी गेली असती, पाच वर्षांपूर्वी ते मला माहीतच नव्हतं. शेवटी करवतीने खालून कापलं, ४ सेंमी जाड निघाली ती. भाचा आणि मी मिळून झाड सावलीत गोणपाटावर आणलं.

पाइपने माती धुतली. एल्मची मुळं धुतल्यावर लालसर दिसतात, मऊ, गुबगुबीत, आणि कापली की आतून पांढरी, बुळबुळीत. इथे सिकेटर धारदार नसेल तर मूळ तुटत नाही, चेंगरतं, आणि साल आतून मोकळी होऊन मागे सरकते, ते मूळ मग तिथून कुजतं. प्रत्येक जाड मूळ करवतीने आणि मग कड चाकूने, सगळ्या कापांची तोंडं खालच्या बाजूला, म्हणजे नवी मुळं तिथून खाली-बाहेर फुटतील आणि वरून जखम दिसणार नाही.

काढलं काय काय? मुसळी पूर्ण, बुंध्याच्या खाली सपाट करून, झाड पाटावर ठेवलं तर उभं राहील इतकं. सरळ खाली जाणारी सगळी मुळं. एकावर एक चढलेली दोन. आडवी जाणारी जाड होती ती ८-१० सेंमीवर आखूड केली, दोन फाटे फुटतात त्याच्या पुढे. बारीक केसासारखी मुळं जेवढी वाचवता आली तेवढी वाचवली. एकूण मुळं निम्म्याहून जास्त गेली असतील. दर दहा मिनिटांनी पाणी मारत होते, मुळं कोरडी पडली की झालं.

आता केळीकडची बोडकी बाजू. तिथे बुंध्याच्या कडेला सालीवर चाकूने उभ्या पाच चिरा दिल्या, लाकडापर्यंत, त्यांत मुळं फुटायची पावडर भरली आणि ओलं मॉस, म्हणजे शेवाळ, बांधलं. फुटली तर फुटली.

मग झाड प्लायवूडवर ठेवून आडवी मुळं एखादं चाक असावं तशी पसरली आणि मधे दोन्ही बाजूंना खिळे मारून अडवली, मुळात खिळा मारायचा नाही, मुळाच्या शेजारी. प्लायवूडसकट खोक्यात, तारा तळाच्या फटींतून वर घेऊन बुंध्याला रबरी तुकडा लावून आवळल्या. झाड हलता कामा नये. वारा आला की हलणाऱ्या झाडाची नवी पांढरी मुळं रोज तुटतात आणि आपल्याला वाटतं फुटतच नाहीयेत. मग चुरा ओतत एका काडीने टोचत टोचत मुळांमधल्या पोकळ्या भरल्या, वरून दाबलं नाही.

लीडरचं काय करायचं यावर खूप विचार केला. तो वाढत राहिला तर जाडी मिळते, पण मुळं निम्मी असताना दीड मीटरचा शेंडा वाऱ्यावर झुलला तर तारा पण पुरणार नाहीत. ५० सेंमीवर कापला. एक वर्षाची जाडी थोडी हातची गेली, चालेल. आणि गेल्या वर्षीचा आडवा काप आता तिरका केला, लीडरच्या मागून सुरू करून त्या कुजून कोरलेल्या बाजूने खाली, म्हणजे मेलेलं लाकूड सगळं निघालं आणि खोड लीडरमध्ये वळत जातंय असं पहिल्यांदा दिसलं. काप ५ सेंमी लांब झालाय. बोर्डो लगेच, सुकल्यावर.

कापलेल्या जाड मुळांचे पेन्सिलीएवढे ८ तुकडे, बुंध्याकडचं टोक वर ठेवून, वरचा एक सेंमी बाहेर, चुऱ्यात लावले. एल्म मुळाच्या तुकड्यातून पण फुटतो.

२ मार्च २०२५, रविवार

काहीच नाही. तीन आठवडे झाले. लीडरवर नखाने बारीक खरवडलं, खाली हिरवं ओलं आहे. खोका माजघराच्या भिंतीजवळ, सकाळचं तासभर ऊन, बाकी सावली. पाणी रोज नाही, वरचा दाणा फिका पडला की. पान नसलेलं झाड पाणी पीत नाही आणि ह्याच दिवसांत जास्त पाणी घालून लोक झाडं मारतात. खत अजिबात नाही.

३० मार्च २०२५, गुढीपाडवा

फुटलं! खरं म्हणजे १० मार्चलाच पहिले डोळे फुगले होते, पण मी घाबरून लिहिलं नाही. आज पूर्ण लीडरभर आणि खालच्या चारही फांद्यांना पानं, नेहमीपेक्षा लहान, फिक्या हिरव्या रंगाची. गुढीला हार घातला तसा एक छोटा हार खोक्याला पण घातला सासूबाईंनी.

मुळाच्या ८ तुकड्यांपैकी ६ ना वरच्या कापाच्या कडेला कोंब.

१ जून २०२५, रविवार

यंदा पाऊस मे महिन्यातच आला, २४ मेला केरळात आणि लगेच आपल्याकडे. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी पण अर्धीच झाली होती. पण या वेळी मी तयार होते, १८ मेला कापावर बोर्डोचा दुसरा हात दिला आणि करवंटी बांधली. खोका चार चिऱ्यांवर उचलून ठेवलाय, खाली पाणी साचू नये म्हणून. तीन दिवस सतत पडला आणि खोक्यावर पाणी एक मिनिट पण थांबलं नाही, वर ओतलं की खालून. चाळताना उडालेली ती लाल धूळ आठवडाभर नाकात होती, त्याचं सार्थक झालं.

३१ ऑगस्ट २०२५, रविवार

गुरुवारी दीड दिवसाचा गणपती विसर्जन करून आलो. लीडर परत ९० सेंमी. काप दोन्ही कडांनी आत येतोय, वरच्या टोकाला, लीडरच्या जवळ, जास्त वेगाने, कारण तिथून रस जास्त वाहतो. खालचं टोक मागे राहिलंय.

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

पाऊस पूर्ण थांबला, हवा कोरडी. आज फक्त वरचा तीन सेंमी चुरा ब्रशने बाजूला करून बघितलं, बाकी हलवायचं नाही.

तीन बाजूंची मुळं प्लायवूडवर सपाट बसलीत, प्रत्येक कापातून पांढरी-लालसर पाच-सहा नवी मुळं पंख्यासारखी पसरलीत. बुंधा जमिनीलगत २३ सेंमी घेराचा झाला आणि खाली जरा रुंद होत गेल्यासारखा दिसायला लागलाय, हे मी सहा वर्षं वाट बघत होते ते. काप ५ सेंमीचा होता, त्यातला मधला पावणेदोन सेंमी उघडा राहिलाय.

केळीकडच्या बाजूला मॉस काढलं. पाच चिरा बऱ्या होऊन नुसत्या पाच वळ्या झाल्यात, मूळ एक पण नाही. थोडा वेळ बसून राहिले तिथेच.

मुळाच्या तुकड्यांतून आलेली ६ रोपं छपरीत आहेत. त्यातली दोन आता काडीपेटीतल्या काडीच्या दुप्पट जाड, खाली मुळांचा चांगला झुपका. ती याच झाडाची, रक्ताचीच, त्यामुळे कलम जुळायला अडचण नाही. वावळाची पानं गळायला लागली की बुंध्याच्या बोडक्या बाजूला दोन खाचा घ्यायच्या, रोपाच्या जाडीच्या, हिरवी रेघ हिरव्या रेघेला लागेल अशा, रोपांची साल तेवढीच सोलायची, खाचेत बसवून बारीक पिनांनी आवळायची, मुळं खाली पसरायची आणि रोपांचे शेंडे कलम धरेपर्यंत तसेच वाढू द्यायचे. जागा आजच खडूने आखली, एक समोरून बघताना डावीकडे सरकून, दुसरी बरोबर मागे. मग चुरा परत पसरला आणि पाणी घातलं. शेंगदाणा पेंडीच्या चार पुरचुंड्या खोक्याच्या कोपऱ्यांत ठेवल्यात, पाऊस गेलाय तर आता अळ्या पडायच्या नाहीत.